ताईसाठी शिवलेली शांतता

थंडी पडायला लागली की त्या गल्लीतल्या लोकांना चिमणीची आठवण होई. चिमणी म्हणजे पडदे शिवणारी बाई. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगानं चांगली भरलेली, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. लहानपणी कुणी लाडानं ठेवलेलं नाव माणसाला कुठवर पुरतं बघा. पण हात असा, की तिनं शिवलेला पडदा खिडकीला लागला की त्या खोलीचा स्वभावच बदलायचा. बाहेर वारा कितीही आदळआपट करो, आत बसलेल्या माणसाला आपोआप जांभई यायची. "बाई, पडद्याला झोपेचं औषध लावता की काय?" असं गिऱ्हाईकं विचारायची, आणि चिमणी नुसती हसायची. कुणी कौतुक केलं की तिला पुढचं बोलायला सुचत नसे.

त्या वर्षी मात्र तिनं गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि स्वतःच्याच घराला सुई लावली. ताई राहायला येणार होती.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, इस्पितळातली नर्स. आई गेली तेव्हा चिमणी शाळकरी पोर होती. ताईचं स्वतःचं लग्नाचं वय, पण तिनं लग्नाचा विषय गुंडाळून ठेवला आणि इस्पितळात रात्रपाळी मागून घेतली. दिवसा धाकटीचं जेवणखाण, वेणीफणी, अभ्यास बघता यावा म्हणून. ती जी रात्रपाळी चिकटली ती निवृत्तीपर्यंत सुटली नाही. आणि आता निवृत्त झाल्यावर, सगळ्या रात्री हक्काच्या झाल्यावर, ताईची झोपच उडाली. रात्री डोळ्याला डोळा लागेना, दिवसा पडावं तर तेही जमेना. चेहरा ओढल्यासारखा झाला. इस्पितळाला लागूनच निवृत्त नर्सांचं निवास होतं आणि तिथल्या बाईंनी एक खोली ताईसाठी राखून ठेवली होती.

"थंडीचे थोडे दिवस तुझ्याकडे येऊन बघते," ताई फोनवर म्हणाली. "झोप लागली तर राहीन तुझ्याकडेच. नाही लागली तर निवासात जाते. तुमच्या संसारात रात्रभर भुतासारखी फिरणारी बाई कशाला हवीय?"

"लागेल गं. न लागायला काय झालंय?" चिमणी म्हणाली, आणि फोन ठेवल्याठेवल्या तिनं चंग बांधला. जिनं आपल्यासाठी इतक्या रात्री जागून काढल्या, तिला आपल्या घरात झोप लागू नये? मग हे हात काय कामाचे आणि कौतुक करून घ्यायचं कशाला!

घराच्या मागच्या बाजूची खोली तिनं ताईसाठी निवडली. तिथे दुपारी ऊन येई, हिवाळ्यातलं ते पातळ, मधाच्या रंगाचं ऊन. खिडकीला तिनं तिपदरी पडदा शिवला: आत मऊ सुती कापड, मध्ये लोकरीचं अस्तर आणि वर काळपट निळी मखमल. दिवस मावळायला आला की ती मखमल अशी दिसे, जणू खिडकीबाहेरचं आभाळच कुणी घडी घालून आत आणलंय. खिडकीच्या फटींत तिनं लोकरीच्या पट्ट्या ठोकल्या. दाराच्या खाली वाळू भरलेली लांब उशी टाकली. जमिनीवर एकावर एक दोन गालिचे अंथरले. दिव्याला पिवळसर कापडाची टोपी चढवली, तेव्हा भिंतींवर असा प्रकाश पसरला की चिमणी स्वतःच दोन घटका पलंगाच्या कडेवर बसून राहिली. आपण कुठे आहोत, किती वाजलेत, कशाचंच भान राहिलं नाही. खोली नव्हतीच ती. कुणीतरी आपल्याला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलंय, असं वाटत होतं.

एवढ्यावर थांबेल ती चिमणी कसली. तिनं दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खुर्च्यांच्या पायांना लोकरी मोजे शिवले, ठिबकणारा नळ बदलून घेतला. दिवाणखान्यातलं टोल्यांचं घड्याळ बंद केलं. राहता राहिला नवरा.

नवरा धुलाईच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. दिवसभर त्या वाफेच्या फुसफुसाटात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे. त्यामुळे त्याचं कुजबुजणंसुद्धा शेजारच्या घरात स्पष्ट ऐकू जाई. माणूस देवासारखा, पण आवाज मेला राक्षसाचा.

"हे बघ, ताई असेपर्यंत घरात आवाज नकोय," चिमणीनं त्याला बजावलं.

"मी कुठे आवाज करतो?" तो म्हणाला, आणि कपाटातल्या बशा थरथरल्या.

ताई आली ती एका धुक्याच्या सकाळी, हातात छोटीशी बॅग घेऊन. आल्याआल्या तिनं सगळं घर फिरून पाहिलं. मखमलीवरून हात फिरवला, गालिच्यावर अनवाणी उभी राहिली, दिव्याची टोपी वाकून न्याहाळली. "चिमणे, अगं हे घर आहे की ढग?" ती म्हणाली. चिमणी नुसती हसली. जावयाला ताईनं नेहमीसारखी कोपरखळी मारली, "काय जावईबापू, वजन वाढलं वाटतं?" धाकटीला तिनंच वाढवलं, तेव्हा धाकटीचा नवरा तिच्या हिशेबी जावईच होता. जावईबापूंनी ओठ घट्ट मिटून, मान हलवून उत्तर दिलं. घसा साफ करायलाही ते परसात जाऊन आले.

पहिल्या सकाळी चिमणी चहा घेऊन गेली, तर ताई खुर्चीत बसलेली. पलंगावरची चादर इस्पितळातल्यासारखी ताणून, कोपरे दुमडून लावलेली.

"झोप लागली?"

"छान लागली," ताई म्हणाली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मात्र खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घर मात्र विलक्षण झालं होतं. बाहेर धुकं आणि आत ही लोकर. पावलांना आवाज नाही, दारांना आवाज नाही, तिघं माणसं पाण्याखालून चालल्यासारखी एकमेकांसमोरून जात. चिमणीला कधीकधी वाटे, आपण तिघं एकाच माणसाला पडलेल्या स्वप्नात राहतोय आणि तो माणूस जागा होऊ नये म्हणून जपतोय. तिला ते फार आवडायचं. कुणी तिला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, सुख म्हणतात ते हेच.

एक दिवस न्याहारीच्या वेळी नवरा जमेल तेवढ्या हळू म्हणाला, "काल मला काय विचित्र स्वप्न पडलं. अंधारात कुणीतरी माझ्या नाकाखाली बोट धरून उभं होतं."

चिमणीला हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. पावाला लोणी लावता लावता तिनं मान खाली घातली.

चिमणीच्या डोक्यात मात्र लगेच चक्रं फिरली. रात्री ताई आपल्या दारापाशी येऊन उभी राहते, हे तिला दोनदा जाणवलं होतं. म्हणजे नवऱ्याचं घोरणं! एवढे गालिचे, एवढ्या पट्ट्या, आणि शत्रू घरातच! त्याच दिवशी तिनं त्याचं अंथरूण कापडाच्या कोठीत हलवलं. तिथे छतापर्यंत मखमलीचे आणि अस्तराचे गठ्ठे रचलेले. त्या गठ्ठ्यांत घोरणंच काय, तोफसुद्धा जिरली असती. "मी काय माल आहे का कोठीत ठेवायला?" असं तो कुरकुरला, पण गेला बिचारा. मग चिमणीनं स्वतःच्या खोलीच्या दारालाही आतून रजई ठोकली, आपल्या कुशीवर वळण्याचाही आवाज नको म्हणून.

त्यानंतरच्या सकाळी ताईचा चेहरा पाहून चिमणीनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. बाई एका रात्रीत म्हातारी दिसत होती.

आणि नेमका त्याच दिवशी निवासातून फोन आला. आणखी एका नर्सला जागा हवी होती. खोली हवी की नको, ते ताईनं संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ताईनं फोन खाली ठेवला आणि खोलीत जाऊन बॅग काढली.

"काय करतेस?" चिमणी दारात उभी होती.

"निघते गं. संध्याकाळी फोन करून कळवेन आणि उद्या सकाळी जाईन. तुझी काही चूक नाही. तू तर..." ताईनं हातानं खोली दाखवली. मखमल, गालिचे, मधाच्या रंगाचं ऊन. "इतकं कुणी कुणासाठी केलेलं मी पाहिलं नाही."

चिमणी शांत बाई. पण शांत माणसांचा राग साठून येतो, आणि येतो तेव्हा त्याला शेंडाबुडखा नसतो. "जा! खुशाल जा!" ती ओरडली. तिच्या स्वतःच्याच आवाजानं ती दचकली. "मी घर कापसात गुंडाळलं, नवऱ्याला कोठीत टाकलं, घड्याळ बंद केलं, श्वाससुद्धा जपून घेतेय मी! अजून किती शांत करू? सांग ना, अजून काय राहिलंय?"

ताई पलंगावर बसली. तिनं बॅगेच्या बंदाशी चाळा केला.

"ती शांतताच तर मला झोपू देत नाही, चिमणे," ती शेवटी म्हणाली.

चिमणीला कळेना. ताईनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"वॉर्डात रात्री कधी शांतता नसते. कुणी खोकतंय, कुणी कण्हतंय, कुणी पाणी मागतंय, कुणी झोपेत बडबडतंय. बाहेरून येणाऱ्याला वाटतं काय कटकट आहे. पण आम्हाला त्या आवाजात बरं वाटतं. आवाज आहे तोवर सगळी आहेत. एखादी खाट एकदम गप्प झाली ना, की मी जिथे असेन तिथून उठून धावायचे. बहुतेक वेळा काही नसायचं, कूस बदललेली असायची. पण कधीकधी असायचं." तिनं मखमलीच्या पडद्याकडे पाहिलं. "तुझ्या घरात मी आडवी होते, दिवा मालवते आणि काहीच ऐकू येत नाही. मग वाटतं, घरात कुणी उरलंच नाही. उठते, तुमच्या दाराशी येते. जावईबापूंचं घोरणं होतं तोवर त्यांची तरी दारातूनच खात्री व्हायची. तुझा श्वास हलका, तो काही ऐकू यायचा नाही. मग आत येऊन बघावं लागायचं. एकदा अंधारात चुकून त्यांच्याच नाकाखाली बोट धरलं."

"आणि मी त्यांना कोठीत नेऊन ठेवलं," चिमणी पुटपुटली.

"आणि तुझ्या दाराला रजई ठोकलीस. काल रात्रभर मी त्या दाराला कान लावून उभी होते."

चिमणीला हसावं की रडावं कळेना. "अगं मग सांगायचं ना! पहिल्याच दिवशी सांगायचं!"

"कसं सांगणार? तू इतक्या मायेनं सगळं केलेलं. तू लहानपणीही अशीच होतीस."

"अशीच म्हणजे?"

ताई बोलून गेली आणि मग तिला वाटलं असावं, की बोललंच नसतं तर बरं झालं असतं. पण चिमणी तिचा हात सोडेना.

"तुझ्या शाळेच्या सुट्टीच्या दिवशी," ताई हळूच म्हणाली, "मी रात्रपाळीवरून येऊन पडायचे आणि तू बाहेरच्या खोलीत बसायचीस. वहीचं पान उलटल्याचा आवाज नाही. खुर्ची सरकवायची तर उचलून ठेवायचीस. आई होती तेव्हा दिवसभर तुझं तोंड बंद नसायचं, म्हणून तर चिमणी म्हणायचो. आणि तूच अशी मुकी होऊन बसायचीस."

"तुला झोप मिळावी म्हणून. सगळी आळी म्हणायची, किती शहाणी पोर आहे."

"होतीसच शहाणी. खाली तो डबे ठोकणारा होता, आठवतो? त्यालासुद्धा तू जाऊन सांगून आलीस, ताई झोपते, दुपारी ठोकू नका. त्या बिचाऱ्यानं सुट्टीच्या दिवशी दुपारचं दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. त्याची ठोकठोक चालू असली ना, की मला काय गाढ झोप लागायची!"

चिमणी तिच्याकडे वळली. "पण तू मधेच उठून बाहेर यायचीस. पाणी प्यायला."

"पाणी कसलं गं. तू आहेस ना, ते बघायला."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली असेल, कुणी हाक मारली असेल. त्या खोलीत काहीच पोचलं नाही. चिमणीला आठवली ती बाहेरची खोली आणि पायाखाली पाय दुमडून, जीभ दातांखाली धरून बसलेली एक लहान मुलगी. ती मुलगी घड्याळाकडे बघत मनात म्हणायची, ताईला आणखी थोडी झोप मिळाली, हे आपण तिला दिलं. आणि भिंतीपलीकडे ताई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेली. मग मोठी होऊन तिनं धंदासुद्धा हाच धरला. लोकांच्या घरांना शांतता शिवून द्यायची. तिच्या छातीत इतकं दुखलं, की तिला वाटलं आता ताई नाडी बघायला हात पुढे करेल.

ती उठली. खिळे काढायची पक्कड घेऊन आली आणि खिडकीच्या फटीतली पहिली पट्टी तिनं ओढून काढली. थंड हवेची एक बारीक सुरी आत आली, आणि तिच्याबरोबर गल्ली आली. कुणाच्या तरी चपला, कुणाचं तरी दार, लांबवर चाललेली कसली तरी घासाघीस. ताईनं मान वर केली.

"थंडी येईल," ताई म्हणाली.

"येऊ दे. रजई घे अंगावर." चिमणी दारांमागून दारं उघडत सुटली. गालिचे गुंडाळले, वाळूची उशी लाथेनं बाजूला केली, घड्याळाचा लंबक बोटानं ढकलला. मग घरापुढच्या आपल्या दुकानातलं पायमशीन ओढत ओढत ताईच्या खोलीत आणलं. त्याच्या लोखंडी पायांनी सगळ्या फरशीवर चरे पाडले, पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता! एका गिऱ्हाइकाचा पडदा अर्धवट राहिला होता, तो तिनं सुईखाली सरकवला.

"तू पड," तिनं फर्मावलं.

"आत्ता? दुपारी?"

"नुसती पड. पाच मिनिटं. मी इथेच शिवत बसते."

मशीनची खडखड सुरू झाली. ताई पलंगावर रजई ओढून पडली, तोंड चिमणीकडे करून. आधी तिचे डोळे चिमणीच्या पायांवर होते, मग चाकावर, मग कशावरच नाही. पडद्याची एक बाजू संपेपर्यंत ऊन पलंगाच्या कडेवर आलं होतं. चिमणीनं चष्म्यावरून बघितलं. ताईचं तोंड थोडं उघडं होतं, एक हात पलंगाखाली लोंबत होता आणि ती घोरत होती. बारीक शीळ घातल्यासारखं. आपली ताई घोरते, हे चिमणीला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. एकाच घरात वाढूनही तिनं ताईला झोपलेलं असं कधी पाहिलंच नव्हतं.

पाय थांबवायची तिला भीती वाटली. एक पडदा झाला, तिनं दुसरा घेतला. खिडकीतलं ऊन विटकरी झालं, मग धुकं उतरलं. दाराशी नवरा आला. उघडी दारं, गुंडाळलेले गालिचे आणि ही अवस्था बघून त्यानं सवयीनं बूट हातात घेतले आणि चवड्यांवर चालायला लागला.

"बूट घाला," चिमणी मोठ्यानं म्हणाली. "आपटत चाला."

त्याला वाटलं, बायकोला वेड लागलं. तेवढ्यात दिवाणखान्यातला फोन खणखणला. तो निवासातल्या बाईंचा होता. नवऱ्यानं इतके दिवस दाबून धरलेला आवाज एकदम मोकळा सोडला. "कोण? ताई? अहो, ताई झोपल्यात! हो, झोपल्यात म्हणतोय! खोली? नाही नाही, खोली द्या तुम्ही दुसऱ्या कुणाला!" खिडकीची तावदानं हलली. पलंगावरची शीळ जरासुद्धा चुकली नाही.

चिमणी हसली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बॉबिनमधला दोरा केव्हाच संपलाय. ती कधीपासून नुसतंच कापडाला भोकं पाडत होती. उठून दुसरा दोरा आणायचा, तर मशीन थांबणार. पायही भरून आले होते. तिनं चाकावर हात ठेवला. चाक फिरत फिरत थांबलं.

ताईचा श्वास अडखळला. लोंबणाऱ्या हाताची बोटं जराशी हलली, काहीतरी शोधल्यासारखी.

चिमणीनं स्टूल पलंगाजवळ ओढलं, तो हात दोन्ही हातांत घेतला आणि काय बोलावं ते तिला पटकन सुचेना. कौतुक झाल्यावर सुचत नसे, तसंच. मग एकदम सुचलं. एवढी वर्षं जिभेखाली दाबून ठेवलेलं सगळं जणू दाराशी येऊन ताटकळत उभं होतं.

"ताई," ती म्हणाली, "आज शाळेत काय गंमत झाली, सांगू?"

आणि ती सांगायला लागली. बाईंनी फळ्यावर काढलेला घोडा कसा गाढवासारखा दिसत होता, मागच्या बाकावरची मुलगी शाई कशी प्यायली, मी काढलेल्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं ते घरी आणलं आणि तू झोपली होतीस म्हणून दाखवलं नाही. ती बोलत राहिली, आणि ताई झोपत राहिली.